मोत्या बसला, ते त्यानं बरं केलं

नमस्कार ताई,

आमचा मोत्या पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, वजन ३४ किलो. मी दर महिन्याला मित्रांबरोबर ट्रेकला जातो. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच त्याला बरोबर नेलं. सकाळी साडेसातला चढायला लागलो. चढताना तो सगळ्यांच्या पुढे होता. धावत वर जायचा, वळून परत आमच्यापर्यंत यायचा, पुन्हा वर. माथ्यावर जेवण झालं, फोटो झाले, आणि साडेअकराला उतरायला लागलो. अर्ध्या वाटेवर एका झुडपाखाली तो बसला आणि उठेचना. मित्र म्हणाले, नाटकं करतोय, ओढ त्याला. मी पट्टा धरून ओढलं. चार पावलं चालला आणि पुन्हा बसला. शेवटचा टप्पा आम्ही आळीपाळीनं त्याला उचलून आणलं. घरी येऊन बघतो तर पुढच्या दोन्ही पंजांची सालं निघाली होती. दोन दिवस तो जिना उतरला नाही.

बायको म्हणते, मुका जीव आहे, पुन्हा त्याला न्यायचं नाही. मित्र म्हणतात, कुत्रा मुळात रानातलाच प्राणी, सवय झाली की जमेल. पुढच्या महिन्यात एका लांब धारेवरून दोन दिवसांचा ट्रेक ठरलाय, रात्री तंबूत मुक्काम. मी बूट घातले की मोत्या दाराशी जाऊन उभा राहतो. त्याला न्यावं का? न्यायचं तर तयारी काय करावी? आणि त्याला ओढलं, ते काही मनातून जात नाही.

– एक वाचक

प्रिय वाचक,

आधी उत्तर देते. मोत्याला डोंगरात जरूर न्या. पुढच्या महिन्यातल्या धारेवर मात्र नेऊ नका.

आता तुमच्या पत्रातल्या त्या झुडपापाशी येते, कारण सगळं तिथंच आहे. मोत्या नाटकं करत नव्हता. माणसाला खूश ठेवण्यासाठी शेकडो पिढ्या घडवलेला हा प्राणी आपल्या माणसाच्या मागे चालायचं सहसा सोडत नाही. पाय दुखत असला तरी चालतो, तहान लागली तरी चालतो, अंग तापलं तरी चालतो. असा कुत्रा जेव्हा खाली बसतो आणि तुम्ही ओढूनही उठत नाही, तेव्हा त्याच्याजवळचे बाकी सगळे उपाय संपलेले असतात. तो बसला म्हणून वाचला असं मी म्हणेन. काही कुत्रे बसत नाहीत, चालता चालता कोसळतात.

त्या सकाळी त्याच्या अंगात काय चाललं होतं ते बघा. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे मुळातच आपल्यापेक्षा जास्त. आपल्याला सगळ्या अंगातून घाम येतो आणि वाऱ्याची झुळूक आली की आपण निवतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांच्या गाद्यांना, आणि त्याचा गारव्याला फारसा उपयोग नाही. त्याचा खरा पंखा म्हणजे त्याची जीभ. धापा टाकून तोंडातली, नाकातली ओल वाफ करून घालवायची आणि तेवढाच गारवा मिळवायचा. त्यात लॅब्रॅडॉरच्या अंगावर दाट, दुहेरी केस. वर तो पुढे-मागे धावत होता, म्हणजे तुम्ही एक चढ चढलात तेवढ्यात त्याचे दोन-तीन झाले. माथ्यावर तुम्ही ताजेतवाने होतात, तो अर्धा संपला होता. आणि उतरायला सुरुवात झाली ती नेमकी कातळ तापायच्या वेळेला. तुमचं डोकं जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर असतं. त्याचं पोट त्या तापलेल्या खडकापासून फूट-दीड फुटावर. त्याला लागत होती ती झळ तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं.

ऊन नसेल तर काळजी नाही, असं मात्र समजू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. आमची भुरी चार वर्षांची असताना तिला मी एका ढगाळ दिवशी डोंगरावर नेलं. आभाळ इतकं भरलेलं की मी पाणीही बेतानंच घेतलं. हवा मात्र दमट होती आणि वारा पडलेला. दमट हवेत तोंडातली ओल वाफ होऊन जायला तयारच होत नाही. कुत्रा धापा टाकत राहतो आणि गारवा काही मिळत नाही. तासाभरानं भुरी झोकांड्या देत चालायला लागली आणि मला वाटलं, दगडावरून पाय घसरतोय. लाळ चिकट होऊन तिच्या छातीवर लोंबत होती, ती मी पुसलीसुद्धा, पण अर्थ कळला नाही. तिच्या हिरड्या विटेसारख्या लाल दिसल्या तेव्हा कुठे डोकं ताळ्यावर आलं. जवळ होतं ते सगळं पाणी तिच्या अंगावर ओतलं. ती वाचली. पण त्या दिवसापासून निघण्याआधी मी उन्हाबरोबर हवेतली ओलही बघते, आणि दोन्हींपैकी एक जरी नकोसं वाटलं तरी भुरी घरी राहते.

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट शिकायची आहे ती मोत्याची भाषा. बसण्याच्या आधी त्यानं तुम्हाला बरंच काही सांगितलं असणार. पुढे धावणारा कुत्रा मागे पडून तुमच्या टाचेला लागून चालायला लागतो. प्रत्येक झुडपाशी, प्रत्येक दगडाच्या सावलीत थबकतो. जीभ लांब होते, टोकाशी पसरट होते, कडा वर वळतात. तोंडाच्या कोपऱ्यांची कातडी मागे ओढल्यासारखी दिसते. थांबलात की माती उकरून पोट टेकतो, कारण खालची माती गार असते. नेहमी झडप घालून घेतो तो खाऊ दिलात तर नाक फिरवतो. यातलं एक जरी दिसलं तरी सावली बघून थांबायचं, पाणी द्यायचं, आणि धाप पूर्ण बसेपर्यंत निघायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांत धाप बसली नाही, तर त्या दिवसाचा ट्रेक तिथं संपला. माथा पन्नास पावलांवर असला तरी.

चिकट लाळ, गडद लाल किंवा उलट पांढुरक्या हिरड्या, झोकांड्या, उलटी, हाक मारल्यावर भलतीकडेच बघणं, हे दिसलं तर तो उष्माघात समजा आणि क्षणभरही थांबू नका. आधी गार करायचं, मग हलवायचं. सावलीत आडवा करा आणि जवळ असेल ते पाणी अंगावर ओता: मान, पोट, जांघा, पंजे. पाणी गार असलं तरी चालेल. कपड्यानं, पुठ्ठ्यानं, टोपीनं, मिळेल त्यानं वारा घाला, कारण पाणी आणि वारा मिळूनच अंग निवतं. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, थोड्या वेळात तोच गरम होऊन उष्णता आत कोंडतो. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं. सामानात एक साधा डिजिटल थर्मामीटर ठेवा. कुत्र्याचा ताप गुदद्वारातून मोजतात, आणि कसा मोजायचा ते पशुवैद्याकडून घरीच शिकून घ्या. तापमान ३९.५ अंशांच्या आसपास आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर अंग प्रमाणाबाहेर गार पडतं. आणि तो उठून शेपूट हलवायला लागला तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंडांचं आणि रक्त गोठण्याच्या क्रियेचं नुकसान कधी कधी एक-दोन दिवसांनी दिसतं.

आता पंजे. तुम्ही लिहिलंत, पुढच्या दोन्ही पंजांची सालं निघाली. मागच्यांची नाही. हे वाचून मला उतार डोळ्यांसमोर दिसला. सपाट जमिनीवरसुद्धा कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. उतारावर तो आणखी पुढे सरकतो आणि प्रत्येक पावलाला पुढचे पाय ब्रेक लावतात. ३४ किलो वजन, गरम खडक, त्यावर खडी, आणि घरातल्या गुळगुळीत फरशीवर वाढलेल्या मऊ गाद्या. सालं निघणारच होती. अनवाणी चालणाऱ्याची टाच जशी हळूहळू निबर होते तशाच या गाद्याही होतात, पण त्याला आठवडे लागतात. एका रविवारात ते होत नाही.

दोन दिवस जिना न उतरणं ही गोष्ट मला पंजांपेक्षा जास्त खटकली. एक आठवून बघा: तो जिना चढत होता आणि फक्त उतरायलाच कचरत होता का? तसं असेल तर दुखणं फक्त कातडीचं नसावं. कोपरावर किंवा खांद्यावर ताण आलेला असू शकतो. लॅब्रॅडॉरमध्ये कोपराचे आणि खुब्याचे सांधे वाढीच्या वयात नीट न बसण्याचा आनुवंशिक दोष बऱ्यापैकी आढळतो आणि तो सपाट अंगणात वर्षानुवर्षं लपून राहतो. म्हणून काहीही ठरवण्याआधी मोत्याला पशुवैद्याकडे न्या. सांधे, हृदय, वजन तपासून घ्या. ३४ किलो हे उंच्यापुऱ्या नराला शोभणारं वजन आहे, पण मोत्याला ते जास्त आहे का ते काट्यापेक्षा हाताला जास्त कळतं. हलका हात फिरवला की बरगड्या लागल्या पाहिजेत आणि वरून बघितलं की कमर दिसली पाहिजे. लागत नसतील, दिसत नसेल, तर डोंगराच्या आधी वजन.

आणि त्याला घरातली दुखण्याची गोळी देऊ नका, कितीही कळवळला तरी. आपण सहज घेतो त्या आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलनं यकृतावर घाला येतो. कुत्र्यांची वेगळी औषधं असतात, ती डॉक्टरकडून घ्या आणि प्रमाण लिहून जवळ ठेवा.

डॉक्टरनं हिरवा कंदील दाखवला की सराव सुरू करा. सुरुवात चाळीस मिनिटांची, पहाटेची, मातीच्या सौम्य वाटेची. आठवड्यातून तीनदा. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवायची: वेळ वाढवला तर चढ तोच ठेवा, चढ वाढवला तर वेळ तोच. दोन महिन्यांत तो दोन-तीन तासांचा चढ-उतार आरामात करू शकेल. आराम म्हणजे काय, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. तो नेहमीसारखा उठला, अंग ताणलं, चालताना ताठरला नाही, तर आदल्या दिवसाचं अंतर त्याला झेपलं. लंगडला किंवा उठायला वेळ लावला, तर एक पायरी मागे या. (हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे मोठ्या जातीचं पिल्लू आहे त्यांच्यासाठी: त्यांची हाडं वाढायची वर्ष-दीड वर्षापर्यंत थांबत नाहीत, तोवर लांब चढ-उतार नकोत. आणि पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना डोंगर नकोच. त्यांचा धापा टाकायचा रस्ताच अरुंद असतो.)

बूट मिळतात कुत्र्यांचे, आणि खडकाळ वाटेवर ते उपयोगी आहेत. पण ते आधी घरात घाला, पाच मिनिटं, दहा मिनिटं, खाऊ देत देत. सुरुवातीला तो पाय झटकेल, बदकासारखा चालेल. वाटेवर पहिल्यांदा घातले तर त्यांनीच फोड येतील. बूट असोत नसोत, वाटेवर दर अर्ध्या तासाला चारही पंजे हातात घेऊन बघा, बोटांच्या बेचक्यांतही. खडक किती तापलाय हे कळायला तळहाताची मागची बाजू सात सेकंद त्यावर टेकवा. तुम्हाला ठेवून घेववत नसेल, तर त्याला त्यावरून चालवायचं नाही.

पाण्याचा हिशोब लोक नेहमी कमी धरतात. कुत्र्याला घरी, फारसं हिंडणं-फिरणं नसतानाही, किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. मोत्याच्या वजनाला ते पावणेदोन ते दोन लिटर झालं. चढाच्या दिवशी त्याच्या एकट्यासाठी निदान तीन लिटर धरा, आणि ते तुमच्या पाठीवर. अंगावर ओतायची वेळ आली तर तेच पाणी उपयोगी पडतं. उत्साहात असलेला कुत्रा भांड्याकडे बघतही नाही, म्हणून त्याच्या मागण्याची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं पुढे करा. ओंजळीतून चाटेल, ओल्या बोटांवरून चाटेल. वाहत्या झऱ्यात लोळू द्या, पण साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा पाण्यात येतात. तो आजार कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. त्याची लस आहे, दर वर्षी टोचून घ्यायची. पाण्यावर हिरवा-निळा तवंग असेल तर त्याला काठावरसुद्धा नेऊ नका, काही शेवाळांचं विष तासाभरातही जीव घेतं.

खाणं निघण्याच्या तीनेक तास आधी, तेही हलकं. माथ्यावर पोटभर जेवू घालू नका. लॅब्रॅडॉरसारख्या भरदार छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी पळापळ झाली की पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो. उलटीसाठी उबळ येतेय पण काही पडत नाही, पोट ढोलासारखं ताणलंय, असं दिसलं तर ते तासाभराचंही थांबण्याचं काम नाही, थेट शस्त्रक्रियेचं आहे. वाटेत थोडा थोडा खाऊ पुरे. आणि मित्रांना आधीच बजावा की प्रेमानं कुणी काही भरवायचं नाही. चॉकलेट, मनुका, द्राक्षं आणि झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंग गम, हे सगळं नेमकं ट्रेकच्या पिशव्यांत असतं आणि सगळं कुत्र्याला विषारी आहे.

ओढण्याबद्दल. गळ्यातल्या पट्ट्याला धरून ओढलं की श्वासनलिका दाबली जाते, आणि त्या वेळी त्याला गार ठेवणारी ती एकच वाट चालू होती. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. पुन्हा तसं होऊ नये म्हणून लिहिते. छातीवरून बसणारा, पाठीवर मूठ असलेला हार्नेस घ्या. त्या मुठीला धरून त्याला दगडाच्या पायरीवर चढवता येतं, घसरला तर सावरता येतं. दोरी दोन मीटरच्या आत, साधी. लांब-आखूड होणारी चाकाची दोरी डोंगरात नको. आणि वाटभर दोरी हातात ठेवा. त्यामुळे गुरं, शेळ्या, रानातली जनावरं, समोरून येणारी माणसं हे सगळे सुरक्षित राहतात, मोत्या कशामागे कड्याकडे धावत नाही, आणि त्याचं ते तिप्पट अंतर पळणंही बंद होतं. फक्त उतारावर दोरी कमरेला बांधू नका. त्यानं एक झेप घेतली तर तुम्ही दोघे जाल. जिथं तुम्हाला स्वतःला हात टेकून चढावं लागतं, शिडी असते, दोर लागतो, ती वाट कुत्र्याची नव्हे.

यातूनच त्या दोन दिवसांच्या ट्रेकबद्दल बोलते. मी डोंगरात एक गोष्ट पाळते: जिथून कुत्र्याला उचलून खाली आणता येणार नाही तिथवर त्याला न्यायचंच नाही. गेल्या खेपेला शेवटच्या टप्प्यात तुम्ही आळीपाळीनं आणलंत. आता कल्पना करा, पहिल्या दिवशी दुपारी, लांब धारेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना उतार, सावली नाही, पाण्याची जागा मुक्कामाला. तिथं मोत्या बसला. मागे गेलं तरी सहा तास, पुढे गेलं तरी सहा तास. ३४ किलोचं, तापलेलं, निसटू पाहणारं ओझं. त्या वाटेवर त्याच्या बसण्याला तुमच्याकडे काही उत्तर नसेल. पंजे भरून यायचेत, सांधे तपासायचेत, सराव शून्य आहे. महिन्याभरात हे होणार नाही. पुढेमागे दोन सलग दिवस तीन-चार तासांचे ट्रेक त्यानं सहज केले, तर मुक्कामाचा विचार करा. तोही अशा वाटेचा, जिथून मध्येच खाली उतरता येतं. त्या वेळी उचलायची झोळी सोबत ठेवा आणि घरी ती एकदा वापरून बघा. त्याच्या पाठीवर पिशवी द्यायचा मोह मात्र आवरा. तो पूर्ण तयार झाल्यावर, वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत, त्याआधी काही नाही.

तुमच्या मित्रांचं म्हणणं, कुत्रा रानातलाच प्राणी. त्यांना लांडगा विचारात घ्यायला सांगा. लांडगा दिवसाला कितीतरी कोस चालतो, पण स्वतःच्या चालीनं, आणि उन्हाची वेळ सहसा सावलीत पडून काढतो. खाली गाडी थांबलीय म्हणून भर दुपारी तापल्या कातळावरून उतरायची वेळ त्याच्यावर कधी येत नाही. कुणीतरी तुम्हाला चिंगेलचीही गोष्ट सांगेल, आणि ती खरी आहे. चिंगेल नावाची एक कुत्री १८७५ साली आल्प्समधल्या माँ ब्लाँच्या माथ्यावर पोचली होती, ४,८०० मीटरच्या वर. पण ज्या खिंडीवरून तिचं नाव पडलं ती तिनं १८६५ मध्ये ओलांडली होती. मधली दहा वर्षं आहेत. गोष्ट सांगताना लोक ती दहा वर्षं गाळतात.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मला जवळचं वाटतं, पण पूर्ण पटत नाही. मोत्या मुका नाही, हे वर लिहिलंच. आणि डोंगर त्याच्यासाठी वाईट नाही. नव्या वासांनी भरलेली वाट हुंगत चालणं यासारखं सुख कुत्र्याला घरात मिळत नाही. त्यांना हे पत्र दाखवा, आणि जमलं तर सरावाच्या फेरफटक्यांना त्यांनाही घेऊन जा. मला वाटतं, मोत्या थकलाय हे तुमच्या मित्रांच्या आधी त्यांच्या लक्षात येईल. मोठ्या टोळक्यात थांबायला सांगणं जड जातं, हे मी जाणून आहे. दहा जण पुढे गेलेले असतात आणि आपल्याला ‘जरा थांबा’ म्हणायचा संकोच वाटतो. तुम्ही ओढलंत त्यात हा संकोचही होता, खरं ना? म्हणून निदान पहिले सहा महिने मोत्याचे ट्रेक वेगळे ठेवा आणि मित्रांचे वेगळे. मोत्याबरोबर दोन माणसं पुरेत, आणि त्यांना निघण्याआधी सांगायचं की परत कधी फिरायचं ते मोत्या ठरवेल.

बाकीचं थोडक्यात. घरी आल्यावर गोचिडांसाठी अंग चाचपा: कान, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची मान. गोचीड दिसली की चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल नको, काडी लावणं नको. गोचीडताप अंगात भिनला की कुत्रा आठवडे-महिने अंथरूण धरतो, म्हणून ट्रेकच्या आधीच गोचीड-प्रतिबंधक औषध चालू करा. साप चावला तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही करायचं नाही. त्याला चालू न देता उचलून, शांत ठेवून दवाखाना गाठायचा. म्हणूनच निघण्याआधी जवळच्या पशुवैद्याचा फोन नंबर लिहून घ्यायचा. मोत्याची विष्ठा वाटेवर आणि पाण्याजवळ टाकून यायची नाही, पिशवीत भरून खाली आणायची. आणि बऱ्याच राष्ट्रीय उद्यानांत, अभयारण्यांत कुत्र्यांना बंदी असते. ती रानातल्या जनावरांच्या भल्यासाठी आहे, तिथून पळवाट शोधू नका.

राहिलं ते मनातून न जाणारं. तुम्ही त्याला ओढलंत आणि नंतर उचलूनही आणलंत, पंजे बघितलेत, हे पत्र लिहिलंत. तुम्ही बूट घातले की तो दाराशी उभा राहतो, म्हणजे त्याच्या मनात तुमच्याबद्दल अढी नाही. पण त्याचं ते उभं राहणं म्हणजे ‘मला झेपेल’ असं नाही. त्याला एवढंच कळतं की तुम्ही बाहेर चाललात आणि त्याला बरोबर यायचंय. झेपेल का, ते तुम्ही ठरवायचं.

या आठवड्यात डॉक्टर. गाद्यांवर नवी कातडी येऊन ती कोरडी, टणक झाली की त्यानंतरच्या रविवारी, उजाडायच्या आधी, घरापासून जवळची एखादी मातीची टेकडी. हार्नेस, दोन मीटरची दोरी, एक लिटर पाणी, भांडं. वीस मिनिटं वर, वीस मिनिटं खाली, मोत्याच्या चालीनं, त्याला हवं तिथं हुंगत. ऊन चढायच्या आत घरी. सोमवारी सकाळी तो जिना कसा उतरतो ते बघा आणि मला कळवा.

– तुमची ताई